पांढरिणीचा दहावा

मखमलाबाद, नाशिक
२० ऑगस्ट

ललित,

दादा लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं ललित.

पत्र बघून हसला असशील. आजच्या काळात पत्र कोण लिहितं? जिला सख्ख्या भावानं व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंय, जिचा फोन तो उचलत नाही, आणि त्याच्या पुण्यातल्या ऑफिसात फोन लावला की एक मुलगी गोड आवाजात 'सर रेकॉर्डिंगमध्ये आहेत' असं सांगते, ती बहीण लिहिते. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

परवा संध्याकाळी नवसाआत्याच्या घरावर दगड पडले. ती आत भाकरी थापत होती. पत्र्यावर धडधड वाजलं म्हणून पिठाच्या हातानं बाहेर आली, तर बांधावर दोन मोटारसायकली आणि चार-पाच पोरं. एकानं मोबाईल वर धरलेला. ती दारात दिसली तशी पोरं ओरडली, "आली रे, पांढरीण आली!" आणि पळाली. त्यातली दोघं गावातलीच. एकाला गोवर आला होता तेव्हा आत्यानंच त्याला मांडीवर घेऊन कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घातला होता.

हे मला आत्यानं सांगितलं नाही. शेजारच्या भिमाबाईनं फोन केला. मी पोचले तेव्हा आत्या शिडीवर चढून पत्र्याच्या भोकांना डांबर लावत होती. मी तशीच पोलिसात जायला निघाले, तर तिनं खाली उतरून माझा हात धरला. "त्यातलं एक पोरगं भिमाबाईच्या जावंचं हाय," म्हणाली. "उद्या मला त्याच रस्त्यानं डेअरीवर जायचंय. कोणाकोणाला धरून देशील?"

म्हणून ज्याला धरायला हवं त्याला धरते आहे.

तू म्हणशील, माझा काय संबंध. तू असं म्हणणार हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. माईकसमोर बसल्यापासून तुला सोयीचं तेवढंच आठवतं.

आत्याच्या अंगावर कोड उठलं आणि सासरच्यांनी तिला परत पाठवलं. आई गेल्यावर तिनंच आपल्या दोघांना वाढवलं. उन्हानं तिची पांढरी कातडी भाजून निघते, म्हणून ती द्राक्षाच्या बागेतलं काम दिवस कलल्यावर करते आणि लुगड्यावर बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते. एवढंच आहे ते. एका बाईचं ऊन चुकवणं. त्याची तू काय गोष्ट केलीस? दिवस मावळताना बागेच्या दोन ओळींमध्ये एक पांढरी बाई उभी दिसते, तिच्या अंगात मेलेल्या माणसाचा शर्ट असतो, आणि ती ज्याला हात लावते त्याच्या अंगावर तिथे पांढरा डाग उमटतो.

भुतांच्या गोष्टी सांगायच्या आपल्या खवीस मंडळात ही गोष्ट तू पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा मी तिथे नव्हते. सृष्टीच्या वेळी मी बाळंतपणाला आत्याकडे होते. तू गोटीरामकाकांच्या गादी कारखान्याच्या माळ्यावर, कापसाच्या ढिगावर मांडी घालून त्या हातांची भीती लोकांना विकत होतास, आणि इकडे तेच हात माझ्या पोरीला न्हाऊ घालत होते.

मंडळाचे नियम कोणी केले, तेही सांगू? तूच. माळ्यावरच्या फळ्यावर अजून तुझं अक्षर आहे. पहिला नियम, गावाचं नाव घ्यायचं नाही. दुसरा, जिवंत माणसाचं भूत करायचं नाही. मुंज्या म्हणा, हाकामारी म्हणा, गिऱ्हा म्हणा, चकवा म्हणा, सगळ्यांना आपण त्या माळ्यावर बोलावलं, भजी खाल्ली, हसलो, घाबरलो आणि घरी गेलो. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. आणि तू ह्या जून महिन्यात तुझ्या त्या चॅनेलवर पांढरीण बाहेर काढलीस ती गावाच्या नावासकट, निफाडवरून कसं वळायचं, कोणता बांध, बांधावर कोणतं झाड, सगळ्यासकट. मी ह्या पत्रातसुद्धा गावाचं नाव लिहिणार नाही. मला अजून नियम आठवतात.

गाड्या येतात आता रविवारी. नाशिकच्या, पुण्याच्याही. गावातले हसत होते आधी. मग यादवच्या नातीच्या गालावर पांढरट चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले शिबं आहेत, जंताचं औषध द्या. गाव म्हणालं, पोरीनं पांढरिणीच्या हातचा पेरू खाल्ला होता. त्यानंतर दगड.

ती गोष्ट काढून टाक. आणि गावात येऊन, उभा राहून, तुझ्या त्या भारदस्त आवाजात सांग की हे मी रचलंय.

शुभांगी


१ सप्टेंबर

ललित,

पत्र मला आणि उत्तर गोटीरामकाकांना! तेही ईमेलवर. काकांनी बिचाऱ्यांनी नातवाकडून छापून घेतलं आणि काल मंडळात सगळ्यांसमोर वाचलं. 'कथा काल्पनिक असल्याचे सुरुवातीसच नमूद केले आहे. शुभांगी भावनिक झाली आहे. मंडळाच्या कार्यास शुभेच्छा.'

मंडळाच्या कार्यास शुभेच्छा! जणू आम्ही रक्तदान शिबिर भरवलंय आणि तू नगरसेवक आहेस.

मी भावनिक नाही, ललित. मी चिडलेली आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाईच्या बाबतीत हा फरक न कळणारे पुरुष मी पुष्कळ बघितलेत. तुला त्यांत धरत नव्हते.

आणि 'काल्पनिक' कशाला म्हणतोस? शर्ट काल्पनिक आहे? बांधावरची बाभूळ काल्पनिक आहे? तू मंडळात ही गोष्ट आणलीस तेव्हा छाती पुढे काढून म्हणाला होतास की गावात फिरून मिळवलेली आहे, तीन म्हाताऱ्यांनी सांगितलेली आहे. कारण मंडळात रचलेल्या गोष्टीला कुणी विचारत नाही, मिळवलेल्या गोष्टीला मान असतो. तिकडे काल्पनिक, इकडे मिळवलेली. जिथे जे चालेल ते.

कालच्या बैठकीत मी उठले आणि सगळं सांगितलं. मग तो नवीन मुलगा उठला, रोहित. पुण्यात आयटीत आहे, शनिवार-रविवार घरी येतो. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मीपण जाऊन आलोय तिकडे. भूत असलं की दिवा लागतो असं एक मशीन आहे माझ्याकडे, ते घेऊन." मशीनचा दिवा लागला म्हणे. आत्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, वरून विजेची तार जाते तिथे. आणि आत्यानं ह्याला चहा पाजला. कुठून आलास, जेवलास का, विचारलं. तिला वाटलं लाईटबिलवाला आहे. तो हे सांगताना रडायला आला होता. तुझ्या मंडळातल्या पोराला लाज आहे, एवढं तरी बरं.

गोटीरामकाका बराच वेळ कापूस पिंजत बसले. मग म्हणाले, "दहावा घालू."

तुला आठवतो ना आपला दहावा? की तोही काल्पनिक? गोष्टीचा छडा लागला की त्या भुताचा दहावा घालायचा. पितृपक्षातल्या रविवारी, कारण घरोघरी स्वयंपाक असतोच आणि कावळेही हाताशी असतात. खऱ्या दहाव्याला जसं प्रवचन असतं तसं प्रवचन, मग भुताच्या नावानं कावळ्याला पान, आणि मग सगळ्यांना जेवण. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यावरचा गिऱ्हा म्हणजे राखेत लोळलेली म्हैस निघाली, तेव्हा काकांनी केलेलं प्रवचन ऐकून तू हसून हसून गादीवरून खाली पडला होतास. (दहावा झालेल्या भुताच्या गावाचं नाव घेतलेलं चालतं, म्हणून लिहिलं.) आणि त्यातला नियम तुला पाठ आहे. भूत ज्यानं आणलं, प्रवचन त्यानंच करायचं. ते कुठून आणलं, खरं काय निघालं, चार लोकांत उभं राहून सांगायचं.

तर १४ सप्टेंबर, रविवार. माळ्यावर नाही. आत्याच्या अंगणात, गावाला आवतण देऊन. सकाळी दहाला.

हे आता गमतीचं राहिलेलं नाही म्हणून पुढचंही लिहिते. धनराज मुकादम दरवर्षी बाया घेऊन छाटणीला येतो. पेठकडच्या बाया. ह्या वर्षी त्यानं आत्याला सांगितलं, "बाया नाय म्हणत्या मावशी. तुमच्या बागेत त्या यायच्या नाय." ऑक्टोबरची छाटणी हुकली की काय होतं हे तुला सांगायला पाहिजे का? वर्ष जातं. आणि गावातले दोन जाणते माझ्या नवऱ्याला मळ्यावर येऊन भेटले. फार अदबीनं. म्हणाले, गोरक्षभाऊ, म्हातारीला तुमच्याकडे घेऊन जा, गावात तरणी पोरं आहेत, उगीच काही घडायला नको. दगड मारणारी पोरं राहणार, आणि घर सोडायचं ते हिनं.

गणपतीत आरतीला भिमाबाई सोडून तिला कुणी हाक मारली नाही. तिनं मग एकटीनंच घरात आरती म्हटली. मी फोनवर होते, मला ऐकू येत होतं.

शुभांगी


८ सप्टेंबर

ललित,

तुझं कुरियर मिळालं आत्याला. काजू, बदाम आणि एक महागडं क्रीम, उन्हाचं. खोक्यावर तुझ्या चॅनेलचं चित्र छापलंय. कवटी. म्हातारीच्या घरी कवटीचं खोकं पाठवताना ऑफिसातल्या एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही? भिमाबाई ते बघून दोन पावलं मागे सरकली. मी ते खोकं चुलीत घातलं. क्रीम आत्यानं ठेवून घेतलं, "चांगला वास येतो" म्हणाली.

आणि तुझं पत्र मला. अखेर! पत्र कसलं, प्रस्तावच. तू यायला तयार आहेस, पण टीमसोबत. तीन कॅमेरे. 'दहाव्याची संकल्पना फार युनिक आहे, लोकांना खूप आवडेल. आत्याची बाजूही मांडता येईल.' आणि ते नको असेल तर आत्याला पुण्याला घेऊन जातोस, कारण तिथे तिला कोणी ओळखत नाही.

ललित, तिची बाजू म्हणजे काय रे? कोर्टात उभी आहे का ती? दगड पडला तो तिच्या घरावर, आणि बाजू तिनं मांडायची?

आणि पुण्याला ती कशाला येईल? तिला इथे सगळे ओळखतात हेच तर तिचं आहे. सासरनं परत पाठवल्यावर तिनं ह्या गावात एक-एक माणूस परत मिळवलंय. कुणाचं बाळंतपण केलं, कुणाच्या पोराची मालिश केली, कुणाकडे लग्नाच्या पोळ्या लाटायला गेली. आधी तिच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बायांनी नंतर तिच्या हातचं पुरण मागून नेलं. तिनं आयुष्यभर लावून जे मिळवलं, ते तू एका एपिसोडात घालवलंस. जाहिरातीसह.

कॅमेरे आणायचे नाहीत. एकही नाही. फोनसुद्धा खिशात राहील. तू एकटा येशील, अंगणात उभा राहशील आणि बोलशील. तुझा आवाज कुणाला पकडून ठेवायचा असेल तर कानांनी ठेवू दे.

आता ते लिहिते, जे मला लिहायचं नव्हतं.

मी आत्याला तुझं नाव सांगितलं नव्हतं. कुणीतरी मोबाईलवर काहीतरी सांगितलं, लोक पिसाळले, एवढंच तिला माहीत आहे असं मी धरून चालले होते. तिला वाचवत होते की तुला, देव जाणे. काल पानाला पुरण किती लागेल हे ठरवताना मी म्हटलं, "आत्या, ज्यानं ही गोष्ट केली तो येणार आहे." ती डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ललित येतोय? मंग त्याच्यासाठी कटाची आमटी करावी लागंल."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भिमाबाईच्या सुनेनं मोबाईलवर लावलं होतं, आणि आत्यानं दारातूनच आवाज ओळखला. "त्याचा आवाज मी नाय वळखणार?" म्हणाली. "न्हाणीत बसून हाका मारायचा, आत्या हाय ना, आत्या गेली नाय ना. तोच तर आवाज हाय. नुसता जाड झालाय."

मी विचारलं, राग नाही आला? तर म्हणाली, "आला ना. गोष्ट अर्धीच सांगितली त्यानं." पुढे काय, म्हटलं, तर म्हणाली, त्यालाच विचार.

मी तुला विचारते आहे. काय आहे अर्ध्यात?

शुभांगी


१२ सप्टेंबर

येणार की नाही, एवढंच. काकांच्या फोनवर कळव. पुरण किती शिजवायचं ते ठरवायचंय.


१४ सप्टेंबर, संध्याकाळ
आत्याच्या घरून

ललित,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. रोहित उद्या पहाटे पुण्याला निघतो, तो तुझ्या हातात देईल. ऑफिसातल्या त्या मुलीकडे देऊ नको, सर रेकॉर्डिंगमध्ये असले तर दार ठोठाव, असं त्याला बजावलंय.

तू आला नाहीस.

दहाला यायचं होतं, आम्ही साडेदहा केले, अकरा केले. गोटीरामकाका सारखे बांधावर जाऊन रस्ता बघत होते, ह्या वयात. मंडळाचे सगळे आले होते, टेम्पोत सतरंज्या आणि भांडी घालून. गाव मात्र आधी लांबूनच बघत होतं. भुताचा दहावा म्हणजे काय, हे बघायची हौस, आणि जवळ यायची भीती. मग कढीचा वास सुटला आणि हळूहळू अंगण भरलं. यादव आला, नातीला घेऊन. धनराज मुकादम आला, बायकोला घेऊन. तिचं नाव सगुणाबाई. दगडवाली पोरंही आली, पार मागे, गोठ्याच्या भिंतीला टेकून.

प्रवचनाला कोण उभं राहणार? काकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. खरं सांगते, मी काय बोलणार होते ते ऐकून तुझी पुण्यात झोप उडाली असती. गावाचीही उडाली असती. एकेकाचं नाव घेऊन, तोंड फाटेपर्यंत शिव्या देणार होते. तर आत्यानं मागून पदर ओढला. "बस खाली," म्हणाली. "भूत ज्यानं आणलं त्यानं बोलायचं, असं हाय ना तुमच्यात?" आणि स्वतः उभी राहिली. बाबांचा शर्ट घालून, कारण ऊन होतं.

ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"पांढरीण ललितनं नाय आणली. मी आणली. माझी वहिनी गेली तवा हा नऊ वर्साचा होता. दिवस बुडला का घराबाहेर पाय टाकायचा नाय. आन माझ्या हाताला हात लावायचा नाय. कोणीतरी त्याला सांगितलेलं, आत्याचा डाग लागतो. आता पोराला आई नाय आन आत्याचा हात चालत नाय, तर त्यानं जावं कुठं? मंग मी त्याला सांगितलं, आरं, आपल्या बागंत एक पांढरीण ऱ्हाते. ती ज्याचा हात धरती ना, त्याची भीती तिच्या अंगावर येती. जेवढी भीती घेती तेवढी ती पांढरी होत जाती. हे बघ, हा डाग तुझ्या आज्याच्या भीतीचा. हा शुभीच्या. ह्या मनगटाला जागा हाय अजून. दे तुझी."

"मंग त्यानं धरला हात. लगीन होस्तवर सोडला नाय."

मी तुझी सख्खी बहीण, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. ती तुमची दोघांची होती. जगात फक्त दोन माणसांना माहीत असलेली गोष्ट, आणि त्यातल्या एकानं ती उलटी करून विकली. जिनं भीती घेतली तिचीच भीती घातली. मला आधी वाटत होतं तू निर्लज्ज आहेस, बेफिकीर आहेस. आता तुझ्यासाठी शब्दच सापडत नाही. तू मनगटावरची ती जागा विसरला होतास का? की आठवत होती, आणि तरी ती गोष्ट सांगितलीस?

मग काय झालं सांगते. सगुणाबाई, मुकादमाची बायको, उठली. चांगली धिप्पाड बाई आहे. आत्यासमोर हात पुढे करून म्हणाली, "मावशे, मला अंधाराचं भ्या नाय. पन ह्या धनराजचं लय भ्या हाय. ते घेती का?"

सगळं अंगण हसलं. धनराज लाजून टोपी काढून डोकं खाजवायला लागला. आत्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "एवढं घेतलं तर मी पार दुधासारखी होईन बाई." मग आणखी हसले. यादवची नात आपणहून पुढे आली आणि तिनंही हात दिला. तिच्या गालावरचे चट्टे जवळजवळ गेलेत.

सगळं गोड झालं असं समजू नको. भिमाबाईच्या जावेनं पोराचं बखोट धरलं आणि ती न जेवता निघून गेली. तिच्यामागं आणखी काही घरं उठली. आत्याला आमच्याकडे न्या म्हणणारे ते दोन जाणते फिरकलेच नाहीत. आणि छाटणीचं धनराज एवढंच म्हणाला, "दसऱ्यानंतर बघू. बाया हो म्हणल्या तर." पण हे बोलताना तो सगुणाबाईकडे बघत होता, आणि ती हो म्हणाली.

प्रवचनानंतर कावळ्याचं पान. गोटीरामकाकांनी पांढरिणीच्या नावानं पान वाढलं. खीर, कढी, वडे, पुरणपोळी. ते उचलून बांधावर न्यायला निघाले, तर आत्या म्हणाली, "कोणाचं हाय ते पान?"

काका म्हणाले, "पांढरिणीचं, बाई."

"मंग इकडं द्या," म्हणाली. "मी अजून जिती हाय." आणि अंगणाच्या मधोमध बसून ती ते पान सगळ्यांसमोर जेवली. सावकाश. वडा कढीत बुडवून. कावळे बाभळीवर ओरडत राहिले आणि गाव उभं राहून बघत राहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. रागाचंच होतं, तुझ्यावरच्या. नाही, सगळं रागाचं नव्हतं.

आता शेवटचं, आणि हे मी केलेलं आहे.

सगळे जेवून उठल्यावर मी आणखी एक पान वाढलं. कटाच्या आमटीसकट. भिमाबाईनं विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, आमच्या ललितचं. आणि ते पान मी स्वतः बांधावर नेऊन कावळ्यापुढे ठेवलं. मोठ्यानं सांगून. लोकांनी तोंडाला पदर लावले. मला त्यावेळी काहीही वाटलं नाही. खरंच नाही.

आत्या मागून धावत आली. ह्या वयात, अनवाणी, ढेकळांतून. कावळा पानाशी उतरलाच होता, त्याला तिनं हुसकावलं. पान उचललं, आणि मला म्हणाली, "तुमच्या फळ्यावर काय लिवलंय गं? जित्या माणसाचं भूत करायचं नाय ना?"

ती पान घेऊन घरात गेली. आमटी भांड्यात काढून ठेवली, पुरणपोळीवर ताट झाकलं, ताटावर पाटा ठेवला, मांजरानं उलथू नये म्हणून. आता ती दारात बसलीये, बागेच्या बाजूला तोंड करून. दिवस कलतोय, तिच्या कामाची वेळ झालीये, पण आज ती बागेत गेलेली नाही. का बसलीये ते मी विचारलं नाही.

तुझी गोष्ट अजून त्या चॅनेलवर आहे, मी आत्ताच बघितलं. आधी ती काढ, मग निघ. कॅमेरा आणू नको, क्रीम आणू नको, हात घेऊन ये.

पुरणपोळी दोन दिवस टिकते, दादा. त्यानंतर मी ती उचलून बांधावर नेईन, आणि तेव्हा आत्या कितीही धावली तरी तिला हात लावू देणार नाही.

शुभी